घरांतील वातनलिका साफ कराव्या कीं नाहीं?

गेल्या वर्षीं दसरा आटोपून आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत गेलों आणि पांच महिने राहून आलों. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. नायगाऱ्याचा धबधबा आतां तो न पाहिलेल्यांसही तोंडपाठ झाला आहे. सांगावयाचा आहे तो एक अगदीं घरगुती प्रश्न. तो त्या घरांत एके दिवशीं उपस्थित झाला, तीन आठवडे त्यानें मंडळींची झोप उडविली, आणि त्याचा निकाल लावतांना, जन्मभर विद्यार्थ्यांस तर्काचे पाठ देणाऱ्या आम्हांसच पुन्हां बांकावर बसावें लागलें. ज्यांचीं मुलें थंड देशांत संसार करीत आहेत अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांच्या घरींही हा प्रश्न आज ना उद्यां येणार, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न असा कीं, घरभर हवा खेळविणाऱ्या पत्र्याच्या नळ्या पैसे देऊन साफ करून घ्याव्या कीं घेऊं नयेत?

घराचा श्वासोच्छ्वास

आपल्याकडे हवा घरांत येते ती खिडकींतून. संस्कृतांत खिडकीस ‘वातायन’ असें नांव आहे. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे मार्ग. कोंकणांतल्या आमच्या घरास असे वाऱ्याचे मार्ग इतके होते, कीं पावसाळ्यांत ते बुजवितां बुजवितां पुरेवाट होई. न्यू जर्सींत मात्र कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत खिडकी उघडण्याची सोय नाहीं. तेथें घराच्या तळघरांत गॅसवर चालणारी एक भट्टी असते. भट्टींतील ज्वाळा आणि घरांतील हवा यांची गांठ पडत नाहीं. मध्यें धातूचा पडदा असतो, आणि जळलेल्या गॅसचा धूर निराळ्या नळीनें घराबाहेर जातो. एक मोठा पंखा घरांतील हवा भिंतींतल्या जाळ्यांतून ओढून घेतो. ती एका गाळणींतून जाते, तापलेल्या धातूवरून जातांना ऊन होते, आणि पत्र्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलींतल्या जाळीवाटे परत येते. या नळ्यांस तेथें ‘डक्ट’ म्हणतात. आम्ही त्यांस वातनलिका म्हणूं. उन्हाळ्यांत त्याच नळ्यांतून थंड केलेली हवा येते. सारांश, घर हें जणूं एक शरीर, पंखा हा त्याचा भाता, आणि तीच ती हवा त्यांतून पुन्हां पुन्हां फिरत राहते.

ही रचना प्रथम पाहिली तेव्हां आम्हांस तिचें कौतुकच वाटलें. बाहेर बर्फ पडत आहे आणि आंत आपण पातळ सदऱ्यावर बसलों आहों, हें सुख लहान नव्हे. परंतु दिवाळी झाली आणि आमच्या सहा वर्षांच्या नातवास खोकला लागला.

दारावर आलेलें पत्रक

खोकला दिवसा फारसा नसे. रात्रीं दोनच्या सुमारास तो उठे, आणि मग छातींतून बारीक शिटीसारखा आवाज येई. सूनबाई त्याला मांडीवर उभा धरून तास तास बसत. सकाळीं उठून त्यांस नोकरीवर जावयाचें असे. डॉक्टर म्हणाले, दम्याचा प्रारंभ असूं शकेल, कांहीं दिवस पाहूं. ‘कांहीं दिवस पाहूं’ हे तीन शब्द आईच्या कानांस किती जड लागतात, तें आम्हीं त्या घरीं पाहिलें.

अशांत एके दिवशीं दाराच्या कडीला एक पत्रक अडकविलेलें मिळालें. संपूर्ण घराच्या वातनलिका फक्त ९९ डॉलरांत साफ करून मिळतील, असा मजकूर. आणि त्यावर दोन छायाचित्रें. एकांत काळीकुट्ट नळी, दुसऱ्यांत आरशासारखी लखलखीत. सूनबाईंनीं त्याच दिवशीं मुलाच्या खोलींतली जाळी काढून पाहिली. आंत राखाडी धुळीचा थर होता. त्यांनीं बोट फिरवून तें आमच्यापुढें धरलें व म्हणाल्या, “बाबा, हें बघा. रात्रभर तो ह्याच्यातनं येणारी हवा घेतो. हीटर सुरूं झाला आणि खोकला सुरूं झाला. अजून काय पुरावा पाहिजे?”

चिरंजीव संगणकाच्या कामांत असतात. त्यांचा स्वभाव हिशेबी. ते म्हणाले, “सगळा धंदा आहे. नव्व्याण्णवला येतात आणि हजार घेऊन जातात.” शब्दानें शब्द वाढला. “पैशांचंच बघायचं असेल तर रात्रीं तुम्ही उठा,” असें सूनबाई बोलून गेल्या, आणि जेवणाच्या टेबलावर दोन दिवस मौन पडलें. शेवटीं दोघांनींही प्रकरण आमच्याकडे सोंपविलें. “बाबा, तुम्हीच सांगा.” आम्ही पंच झालों.

एक जुना खोकला

खरें सांगावयाचें तर आमचें पहिलें मत चिरंजीवांच्या बाजूनें होतें. आमच्या पिढीस खर्चाचें वारें लवकर लागतें. परंतु निकाल देण्यापूर्वीं आम्हांस एका दुसऱ्या खोकल्याची आठवण झाली.

आमच्या मातोश्री चुलीपुढें चाळीस वर्षें बसल्या. स्वयंपाकघरास धुराडें नव्हतें. कौलांच्या फटींतून जो धूर जाईल तो जाई, राहिलेला भिंतींवर आणि त्यांच्या छातींत बसे. त्यांचा खोकला आम्हीं जन्मापासून ऐकला. घरांतील वडील मंडळी म्हणत, ‘तिची प्रकृतीच कफाची.’ वैद्य काढे देत. त्या धुराकडे बोट दाखवावें, असें घरांतील एकाही शिकलेल्या पुरुषास सुचलें नाहीं. आम्हांसही सुचलें नाहीं, आणि आम्ही तर तोंवर शिक्षक झालों होतों. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, कीं घरांत लांकूड, शेणी, कोळसा जाळल्यानें होणाऱ्या धुरापायीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं मेलीं. हा आकडा वाचतांना आम्हांस नेहमीं एकच मुख दिसतें.

म्हणून ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असें सूनबाईंस सांगण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. घरांतील हवेनें माणूस आजारी पडतें, हें आमच्या घरानें मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. पण त्याचबरोबर दुसरेंही एक कळत होतें. निरपराध्यास पकडलें, तर खरा चोर घरांतच मोकळा फिरतो. नळ्यांवर पैसे खर्चून समाधान झालें आणि खोकल्याचें कारण तसेंच राहिलें, तर तें समाधान मुलास महाग पडावयाचें.

अनुमानाची परीक्षा

न्यायशास्त्रांत अनुमानाचें ठराविक उदाहरण पर्वतावरच्या धुराचें आहे. धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, असें आपण ठरवितों. कारण धूर आणि अग्नि यांचें नित्य साहचर्य आपण स्वयंपाकघरांत पाहिलेलें असतें. या साहचर्यास व्याप्ति म्हणतात. व्याप्ति नसेल तर अनुमान लंगडें.

आतां सूनबाईंचें अनुमान पाहूं. नळ्यांत धूळ आहे, म्हणून नातवास खोकला आहे. याची व्याप्ति अशी व्हावी, कीं जेथें जेथें नळ्यांत धूळ तेथें तेथें खोकला. परंतु आळींतल्या चार घरांत आम्हीं विचारलें; धूळ सर्वांच्या नळ्यांत होती, खोकला कोणाच्याच घरीं नव्हता. जो हेतु साध्याशिवायही आढळतो त्यास शास्त्रकार सव्यभिचार म्हणतात, आणि तो टाकून देतात. राहिलें ‘हीटर सुरूं झाला आणि खोकला सुरूं झाला’ हें. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. त्याच पंधरवड्यांत त्या घरांत आणखी कोणकोणत्या नव्या गोष्टी घडल्या, हें पाहिल्याविना हीटरास दोषी धरतां येत नाहीं. हें वाक्य आम्हीं मोठ्या दिमाखांत उच्चारलें. तें आमच्याच अंगावर येणार आहे, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

अनुमान डळमळलें म्हणजे शब्दप्रमाणाकडे वळावें. परंतु शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्यास विषयाचें ज्ञान आहे आणि फसविण्यांत ज्याचा लाभ नाहीं असा. सफाई करणाऱ्यास ज्ञान असेल, पण त्याचा लाभ उघड आहे. म्हणून चिरंजीवांनीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संरक्षण खात्याची एक पुस्तिका काढून दिली. ती १९९७ सालीं प्रथम निघाली असून नेमक्या याच प्रश्नावर आहे. ती आम्हीं दोनदां वाचली. तिचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतों.

पहिलें, वातनलिका साफ केल्यानें आजार टळतात असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. नळ्या मळल्या म्हणून घरांतील हवेंत धूळ वाढते, हेंही निर्णायकपणें दिसून आलेलें नाहीं. कारण नळींतली पुष्कळशी धूळ पत्र्यास चिकटून बसते, ती हवेंत उडतेच असें नाहीं. घरांतील धुराची, बाहेरून येणाऱ्या मातीची, झाडलोटीनें उडणाऱ्या धुळीची बाधा त्याहून अधिक असूं शकते. दुसरें, दरवर्षीं ठराविक सफाई करावी असें तें खातें सांगत नाहीं. गरज दिसेल तेव्हां करावी, एवढेंच सांगतें. तिसरें, गरज कोणती तेंही त्यानें स्पष्ट केलें आहे: नळ्यांच्या आंत किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांस दिसेल अशी पुष्कळ बुरशी असेल, उंदीर, किडे यांनीं नळ्यांत वस्ती केली असेल, किंवा नळ्या कचऱ्यानें तुंबून जाळ्यांतून धूळ प्रत्यक्ष खोलींत पडत असेल. या तिहींपैकीं एकही असेल, तर सफाई करावी. आणि ज्या कारणानें तें झालें तें कारणही दूर करावें, नाहीं तर वर्षांत पुन्हां तेंच.

खर्च म्हणाल, तर त्या खात्याच्या अंदाजानें एका यंत्रणेस सामान्यतः ४५० ते १००० डॉलर पडतात. म्हणजे ९९ डॉलरांचें पत्रक हें गळाला लावलेलें आमिष होय.

प्रत्यक्ष प्रमाण

शब्दप्रमाण झालें, पण आपलें घर आपण पाहिल्याखेरीज निकाल नाहीं. रविवारीं चिरंजीवांनीं एक एक जाळी काढली. आम्हीं विजेरी धरली. सूनबाईंनीं मोबाइल आंत घालून छायाचित्रें घेतलीं. नळ्यांत धुळीचा पातळ थर, घर बांधतांना राहिलेले लांकडाचे तुकडे आणि नातवाची हरवलेली एक तांबडी मोटार, एवढें निघालें. ओल नाहीं, कुबट वास नाहीं, उंदराच्या लेंड्या नाहींत. एका जाळीच्या कडेला मात्र काळसर डाग होता.

त्या डागानें पुन्हां घोटाळा केला. सूनबाईंनीं त्या पत्रकवाल्यांस बोलाविलेंच होतें. आलेल्या गृहस्थांनीं डाग पाहून क्षणांत ‘बुरशी’ असें निदान केलें आणि ९९ डॉलरांचा आकडा १८०० वर नेला. औषधाची फवारणी त्यांत धरून. आम्हीं पुस्तिकेंत वाचलें होतें, कीं बुरशीसारखी दिसणारी प्रत्येक वस्तु बुरशी नसते. चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठविला, तर सुमारें ५० डॉलरांत निर्णय कळतो. तसें करतों, असें चिरंजीव म्हणतांच तो गृहस्थ म्हणाला, कीं आमची कंपनी सरकारमान्य आहे. परंतु तें खातें वातनलिका साफ करणाऱ्या कोणासही प्रमाणपत्र देत नाहीं, हेंही त्याच पुस्तिकेंत होतें. गृहस्थ निघून गेले. आठवड्यानें प्रयोगशाळेचें उत्तर आलें: बुरशी नव्हे, धूळ व काजळी.

काजळी! पत्र्याच्या नळीच्या तोंडाशीं काजळी कोठून आली?

आरोपी कोण?

सूनबाईंच्या एका मैत्रिणीकडे हवेंतील सूक्ष्म कण मोजण्याचें लहानसें यंत्र होतें. तें त्यांनीं चार दिवसांकरितां आणलें. अडीच मायक्रॉनांहून बारीक कण छातींत खोल जातात. ते हवेच्या एका घनमीटरांत किती मायक्रोग्रॅम आहेत, तें हें यंत्र दाखवितें. दिवसाची सरासरी १५ हून अधिक असूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें आहे.

भट्टीचा पंखा सुरूं झाला, आकडा हलला नाहीं. जाळीवर यंत्र ठेवलें, तरी हलला नाहीं. संध्याकाळीं सौभाग्यवतींनीं फोडणी टाकली, तो ८० वर गेला. चुलीवरच्या पंख्याखालीं हात धरून पाहिला, तेव्हां कळलें कीं, तो पंखा धूर बाहेर टाकीतच नाहीं. एका जाळींतून गाळून तो पुन्हां स्वयंपाकघरांतच सोडतो. अमेरिकेंतील पुष्कळ घरीं असेच पंखे आहेत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची पूजा झाली. देवघर नव्हतें, जिन्याखालच्या कोनाड्यांत देव मांडले होते. नेमानें दोन उदबत्त्या, धूप आणि कापूर. यंत्र शेजारच्या खोलींत होतें. सूनबाई कांहीं न बोलतां तें घेऊन आल्या. आकडा २४० होता. कोनाड्याच्या बाजूलाच भिंतींत हवा ओढून घेणारी ती मोठी जाळी होती. आमच्या उदबत्तीचा धूर ती ओढीत होती, भट्टी तो ऊन करीत होती, आणि नळ्या तो सर्व खोल्यांत पोंचवीत होत्या, नातवाच्या खोलींतही. दसऱ्यानंतर त्या घरांत हीटर सुरूं झाला, हें खरें. पण दसऱ्यानंतर आम्हीही आलों होतों.

आम्ही पंच म्हणून बसलों होतों, ते आरोपीच्या जागीं उभे राहिलों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आम्हीं सूनबाईंस विचारलें, “हें तुम्हांला आधीं कधीं वाटलें होतें का?” त्या खालीं पाहत म्हणाल्या, “वाटलं होतं, बाबा. पण तुमच्या पूजेबद्दल कसं बोलायचं?”

हें उत्तर ऐकून आम्हांस जें वाटलें तें त्या आकड्यापेक्षां अधिक होतें. नळ्यांवर संशय घेतां येतो, कारण नळ्यांस राग येत नाहीं. सासऱ्याच्या उदबत्तीवर संशय घेणें अवघड. आमच्या मातोश्रींच्या चुलीबद्दल घर गप्प राहिलें तें अज्ञानानें. येथें घर गप्प राहिलें तें आदरानें. मुलाच्या छातीस दोहोंचा परिणाम सारखाच.

सौभाग्यवतींनीं प्रश्न चटकन सोडविला. त्या म्हणाल्या, “देवाला फूल चालतं, तुळस चालते. धूर त्यानं कधी मागितला?” त्या दिवसापासून घरांत धूप, कापूर, उदबत्ती बंद झाली, तुपाचें एक निरांजन राहिलें, तेंही जाळीपासून लांब.

आम्हीं केलें तें

निकाल असा झाला: नळ्यांची सफाई करूं नये. त्या पैशांपैकीं कांहींचा पुढीलप्रमाणें विनियोग झाला.

सर्वांत आधीं मुलाची अ‍ॅलर्जीची तपासणी केली. गादी-उशांत राहणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या धुळीच्या किड्यांची त्यास बाधा आहे असें निघालें. हे किडे नळ्यांत नव्हे, बिछान्यांत वाढतात. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात. गादी-उशीस घट्ट विणीचे अभ्रे घातले, पांघरुणें दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावयास घेतलीं. डॉक्टरांनीं ओढून घ्यावयाचें औषधही सुरूं केलें.

भट्टीच्या गाळणीस वर्ष झालें होतें. ती बदलून यंत्रास झेपेल तितक्या बारीक विणीची घातली. या गाळण्यांस ‘मर्व’ नांवाचा क्रमांक असतो. १३ किंवा यंत्र सोशील तितका वरचा घ्यावा, असा त्या खात्याचा सल्ला आहे. फार बारीक गाळणी जुन्या पंख्यास ओढवत नाहीं, म्हणून भट्टीच्या कारागिरास विचारून ठरविली. त्यानेंच तळघरांतील नळ्यांचे सुटलेले सांधे दाखविले व बुजविले. तेथील सर्वसाधारण घरांत नळ्यांतील वीस ते तीस टक्के हवा अशा फटींतून वायां जाते, असा सरकारी अंदाज आहे. म्हणजे हा खर्च इंधनांतूनच कांहींसा परत येतो. त्यानें भट्टीची तपासणीही केली. ती हिवाळ्यापूर्वीं दरवर्षीं करावी. कारण तेथील खरें भय धुळीचें नाहीं, कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचें आहे. त्याची सूचना देणारी घंटा घरांत असलीच पाहिजे.

आणि एक नळी मात्र आम्हीं खरोखरच साफ करविली. ती कपडे वाळविण्याच्या यंत्राची. तींत कपड्यांचा मऊ भुसा सांचतो आणि तो पेट घेतो. २००८ ते २०१० या वर्षांवरून तेथील अग्निशमन प्रशासनानें काढलेल्या अंदाजाप्रमाणें, या यंत्रांपासून घरांस दरवर्षीं सुमारें २,९०० आगी लागत, आणि न केलेली सफाई हें त्यांचें मुख्य कारण. ज्या नळीची भीति कोणीच घातली नव्हती, ती हाताच्या मुठीएवढ्या भुशानें भरली होती.

वाचकांस सूचना

आम्ही सफाईच्या विरुद्ध आहों, असा समज कोणीं करूं नये. चिरंजीवांच्या एका स्नेह्यांनीं जुनें घर घेतलें, तेव्हां नळींत उंदरांचें घरटें निघालें. तेथें सफाई झाली तीच योग्य. दुसऱ्या एका घरीं भिंती पाडून नव्या बांधल्या, त्याची पांढरी भुकटी जाळ्यांतून उडत होती, तेथेंही तेंच. अशा वेळीं काम कसें होतें तें ठाऊक असावें. सर्व जाळ्या झांकून नळीस मोठें शोषकयंत्र जोडतात, आणि नळींत ब्रश किंवा दाबाची हवा सोडून सुटलेली धूळ त्या यंत्राकडे ओढून घेतात. नुसत्या नळ्या झाडून उपयोग नाहीं. पंखा, थंड करण्याच्या नळ्यांचें वेटोळें, त्याखालचें पाण्याचें तबक, सर्व साफ झालें पाहिजे. अर्धवट यंत्रानें काम केलें तर बसलेली धूळ उलट घरांत उडते. दर आधीं लेखी घ्यावा. बुरशी आहे म्हणतील तर ती डोळ्यांनीं दाखवावयास सांगावी. आणि औषध फवारूं देऊं नये, कारण त्याची वाफ पुढें आपणच घेणार. नळीच्या आंत कांचतंतूचें अस्तर असून तें भिजलें, बुरशीलें असेल, तर तें धुऊन निघत नाहीं. तेवढा भाग बदलावा.

ओल ही धुळीहून वाईट, हें ध्यानांत ठेवावें. १९७६ सालीं फिलाडेल्फिया शहरांतील एका हॉटेलांत संमेलनास जमलेल्या माजी सैनिकांत भयंकर ज्वर पसरला, आणि सुमारें तीस माणसें दगावलीं. पुढील वर्षीं त्याचा जंतु सांपडला. तो पाण्यांत वाढणारा निघाला. मोठ्या इमारतींच्या पाण्यावर चालणाऱ्या शीतयंत्रणेंत त्यास वाव मिळतो; घरगुती यंत्रांत हवा पाण्यानें थंड करीत नाहींत, म्हणून तेथें तें भय नाहीं. तरी घरांतील आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत ठेवावी, आणि साठाच्या वर जाऊं देऊं नये.

आपल्याकडे मुंबई-पुण्यास घरोघरीं जीं भिंतीवरचीं शीतयंत्रें आहेत, त्यांस वातनलिका नसतात. तेव्हां त्यांच्या नळ्या साफ करूं म्हणून कोणी आला, तर त्यास दारांतूनच निरोप द्यावा. त्यांची जाळी मात्र पंधरा दिवसांनीं धुवावी, आणि पाणी वाहून जाणारी नळी तुंबूं देऊं नये. स्वयंपाकघरांतील धूर ओढणाऱ्या यंत्राचें तोंड खरोखर बाहेर निघालें आहे ना, तें एकदां हात लावून पाहावें.

नातवाचा खोकला माघांत बराच उतरला. शिटीचा आवाज गेला. सूनबाई रात्रभर झोपूं लागल्या. तो कशानें उतरला, हें आम्ही सांगणार नाहीं. उदबत्ती बंद झाली, अभ्रे आले, गाळणी बदलली, औषध सुरूं झालें, सर्व एकाच पंधरवड्यांत. पुन्हां कावळा आणि ताड यांचीच गोष्ट व्हावयाची. परीक्षेसाठीं उदबत्ती पुन्हां लावून पाहावी, इतकी आमची ज्ञाननिष्ठा प्रखर नाहीं.

महाशिवरात्रीस सौभाग्यवतींस राहवेना. त्यांनीं एक उदबत्ती काढली, शाल पांघरली, आणि मागील दार उघडून बर्फांतल्या पायरीवर ती लावून आल्या. नातू कांचेशीं नाक लावून पाहत होता. “आजोबा, देव बाहेर गेला?” त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, “नाहीं रे, धूर बाहेर गेला. देव आंतच आहे.” सूनबाई स्वयंपाकघरांतून हंसल्या, आणि त्यांनीं आंतून दार घट्ट लावून घेतलें.